ठाण्यात मोठा कॅमेरा घेऊन: अनोळखी माणसांच्या छायाचित्रांची भटकंती

चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मवर छायाचित्र घेणारा लाकडी कॅमेरा ट्रायपॉडवर चढवून रस्त्यावर उभे राहिले, की कोणाचाही चोरून फोटो काढणे अशक्य होते. समोरच्या माणसाला विचारावे लागते, आपण काय करणार आहोत ते सांगावे लागते आणि त्याने होकार दिला तर पुढची आठ-दहा मिनिटे त्याच्यासोबत घालवावी लागतात. अनोळखी माणसांची छायाचित्रे घेण्यासाठी याहून चांगले साधन मला माहीत नाही, आणि जानेवारीच्या अखेरीस ठाण्यात हा कॅमेरा घेऊन हिंडल्यावर माझे हे मत आणखी पक्के झाले आहे.

ज्यांनी असा कॅमेरा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. पुढे लेन्सची फळी, मागे दुधी काच आणि दोन्हींच्या मध्ये घड्यांचा भाता, एवढीच याची रचना असते. काळे कापड डोक्यावर घेऊन त्या काचेवर पाहिले, की समोरचा माणूस डोके खाली, पाय वर आणि डावे-उजवे बदललेला असा दिसतो. भिंग लावून त्याच्या डोळ्यावर फोकस करायचा, शटर बंद करायचे, छिद्र आणि वेळ लावायची, शटरला चाप द्यायचा, मग काचेच्या पुढच्या खाचेत फिल्मचा होल्डर सरकवायचा, त्याची झाकणपट्टी उपसायची आणि केबल दाबायची. होल्डर आत गेला की काचेवर काहीही दिसत नाही. म्हणजे फोटो निघतो त्या क्षणी छायाचित्रकार कॅमेऱ्यातून पाहतच नसतो. तो कॅमेऱ्याशेजारी उभा राहून उघड्या डोळ्यांनी समोरच्या माणसाकडे पाहत असतो, आणि तो माणूसही त्याच्याकडे तसाच पाहू शकतो. या कॅमेऱ्याविषयी मला जी ओढ वाटते ती मुख्यतः या एका गोष्टीमुळे.

नाशिकला गोदाघाटावर मी हे काम करते, पण आपल्या गावात समोरचा माणूस हमखास कोणाच्या तरी नात्यातला निघतो. ठाण्याला नौपाड्यात माझी मावसबहीण राहते आणि तिचा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "मावशी, ट्रायपॉड मी उचलतो, तुम्ही फक्त या," असे त्याने दिवाळीतच सांगून ठेवले होते. त्यामुळे राहण्याची आणि मदतनिसाची, दोन्ही सोयी एकाच घरात झाल्या.

शुक्रवार, तलावपाळी

दुपारी पोहोचले, जेवले आणि ऊन उतरू लागताच आम्ही मासुंदा तलावाकडे, ठाणेकरांच्या तलावपाळीवर गेलो. माणसांची छायाचित्रे घ्यायला ही जागा उत्तम आहे, कारण चारनंतर पश्चिमेकडच्या इमारतींची सावली रस्त्यावर पडते आणि पाण्यावरून परतणारा मऊ उजेड समोरून चेहऱ्यावर येतो. या सावलीत चारशे आयएसओची, म्हणजे तेवढ्या संवेदनशीलतेची, कृष्णधवल फिल्म मी दोनशेची समजून तिला दुप्पट उजेड देते, आणि तशी धरूनही मला एफ-१६ला (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान) सेकंदाचा तिसावा भाग मिळाला. माणूस सहज स्थिर राहू शकेल इतका हा वेळ कमी आहे.

कठड्याजवळच्या बाकावर पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ काठीच्या मुठीवर उजवा तळहात दाबून बसले होते.

"काका, तुमचा एक फोटो काढू का? थोडा वेळ लागेल."

"किती?"

"दहाएक मिनिटं."

"बसलोच आहे. पण हे यंत्र आधी लावा, मग मी चष्मा पुसतो."

मी ट्रायपॉड लावत असताना ते बोलू लागले. ते मध्य रेल्वेत मोटरमन होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली, त्या ठाण्यातून नोकरीची सगळी वर्षे त्यांनी लोकल नेल्या-आणल्या. लोकलच्या केबिनमध्ये एक हँडल असते, ते गाडी चालू असेपर्यंत हाताने दाबून धरावे लागते आणि हात सुटला तर ब्रेक आपोआप लागतात, हे त्यांनी मला काठीच्या मुठीवर करून दाखवले. मी तोवर कापडाखालून त्यांचा चेहरा आणि खांदे एवढीच चौकट धरली होती. ते ऐकल्यावर मी कॅमेरा थोडा मागे घेतला, लेन्सची फळी खाली सरकवली आणि तो तळहात चौकटीत घेतला. त्या हाताची बोटे मिटलेली नव्हती. तळव्याचा अंगठ्याकडचा उंचवटा मुठीवर टेकलेला होता आणि सगळा भार त्या एका जागी होता.

होल्डर घालून मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहिले तेव्हा त्यांनी विचारले, "सिग्नलकडे बघतो तसं बघू?" मी हो म्हटले. त्यांची मान किंचित पुढे आली आणि नजर लांबवर स्थिर झाली. ज्या माणसाने वर्षानुवर्षे रुळांवर डोळे ठेवले त्याला "हलू नका" असे सांगण्याची गरजच नव्हती.

फोटो झाल्यावर मी त्यांना कापडाखाली बोलावून काचेवर तलाव दाखवला. पाणी वर, आकाश खाली आणि उलट्या दिशेने चाललेली होडी पाहून ते बराच वेळ आत राहिले, आणि बाहेर रांग लागली. इथे एक सूचना करावीशी वाटते: लोकांना काच जरूर दाखवावी, पण फोटो झाल्यानंतर. आधी दाखवली तर बसलेला माणूस गर्दीचा एक भाग होतो आणि त्याच्या-तुमच्यामधले बोलणे तुटते. लहान मुलांचा फोटो घ्यायचा असेल तर सोबतच्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय कॅमेरा त्यांच्याकडे वळवूही नये.

त्या संध्याकाळी नकारही मिळाले. कठड्यावर बसलेल्या एका जोडप्याने मान हलवून नको म्हटले, आणि भेळवाल्या दादांनी "आत्ता धंद्याची वेळ आहे, ताई, आठनंतर या" असे सांगितले, तेव्हा उजेड राहणार नव्हता. नकार देणाऱ्याला कारण विचारायचे नाही, हे मी पहिल्यापासून पाळत आले आहे.

गस्तीवरच्या एका हवालदारांनी येऊन चौकशी केली. अशा वेळी तोंडी स्पष्टीकरणापेक्षा जुन्या फोटोंचा छोटा अल्बम अधिक उपयोगी पडतो. त्यांनी तो शेवटपर्यंत चाळला, पदपथावर चालणाऱ्यांना वाट ठेवा म्हणाले आणि निघून गेले. ट्रायपॉड घेऊन फिरणाऱ्यांनी रेल्वे स्थानकाच्या आवारात मात्र तो परवानगीशिवाय उघडू नये. स्थानकाबाहेर, तलावाकाठी आणि बाजारात विषय इतके आहेत की त्याची उणीव भासत नाही.

रात्री मावसबहिणीच्या न्हाणीघराच्या फटी टॉवेलने बुजवून दिवा बंद केला आणि होल्डर भरले. प्रत्येक फिल्मच्या एका कोपऱ्यात खाचा असतात. त्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाला लागल्या की रसायनाचा थर आपल्याकडे आहे हे अंधारात कळते. झाकणपट्टीच्या पांढऱ्या कडेला बोटाला जाणवणारे उंचवटे असतात. पांढरी कड बाहेर असली तर फिल्म कोरी, काळी बाहेर असली तर वापरलेली. न्हाणीघरात आधी गरम पाणी सोडून ठेवावे आणि वाफ बसली की काम सुरू करावे. वाफेबरोबर हवेतली धूळ खाली बसते आणि फिल्मवर ठिपके कमी येतात.

शनिवार, जांभळी नाका

पहाटे साडेसहाला आम्ही कोपिनेश्वर मंदिराजवळच्या बाजारात होतो. हवेत गारवा होता, जमीन फुलांच्या पाण्याने ओली होती आणि झेंडू, शेवंती व ओल्या गोणपाटाचा एकत्र वास येत होता. ट्रायपॉडचे पाय उघडताच दोन पाट्या उचलल्या गेल्या आणि एका बाईंनी विचारले, "अतिक्रमणवाले का तुम्ही?" भाच्याने लगेच अल्बम पुढे केला. पाट्या परत खाली आल्या, पण तो प्रश्न माझ्या लक्षात राहिला आहे. ज्यांचा धंदा एका हाकेवर उठवला जाऊ शकतो, त्यांच्यासमोर आपण काहीही उभे करण्याआधी स्वतःची ओळख द्यायला हवी. त्यानंतर मी आधी फुले विकत घेतली, मग बोलले आणि मग ट्रायपॉड उघडला, आणि हा क्रम पुढेही ठेवला.

मी ज्यांच्याकडून गजरा घेतला त्या आजी पोत्यावर बसून माळ ओवत होत्या. दोऱ्याचे एक टोक त्यांनी उजव्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळले होते आणि ताणलेल्या दोऱ्यावर दोन्ही हातांनी शेवंतीची फुले गाठीत बसवत होत्या. डावा हात पाटीतून फूल न पाहता उचलत होता, उजवा हात फास टाकत होता, आणि प्रत्येक गाठीनंतर अंगठा किंचित मागे ओढला जाऊन दोरा पुन्हा ताणला जात होता. त्या अंगठ्याच्या मुळाशी दोऱ्याने पडलेली एक गुळगुळीत खाच होती. "किती वर्षं, आजी?" असे मी विचारले तर "लग्न होऊन आले तेव्हापासनं" एवढेच उत्तर मिळाले.

गल्लीत छपरे आणि ताडपत्र्या असल्याने उजेड फार कमी होता. एफ-८ला सेकंदाचा आठवा भाग, त्याहून वेगाने शक्य नव्हते. इतक्या उघड्या छिद्राला २१० मिलिमीटरच्या लेन्सने दीड-दोन मीटरवरचा माणूस घेतला, तर पुढे-मागे मिळून जेमतेम दहा-बारा सेंटीमीटर स्पष्ट येते. म्हणजे डोळे स्पष्ट ठेवून आजी जरा पुढे वाकल्या, तरी फोटो गेला. यासाठी मी कॅमेऱ्याला एक सुतळी बांधून ठेवते. फोकस झाल्यावर ती समोरच्याच्या हनुवटीपर्यंत ताणून गाठ मारायची आणि फोटोच्या आधी तेवढे अंतर पुन्हा तपासून सुतळी सोडून द्यायची. आजींनी ती सुतळी पाहिली, माझी गाठ पाहिली आणि म्हणाल्या, "ही सरकेल. हा घे." त्यांनी रिळावरून हातभर दोरा तोडून दिला आणि कॅमेऱ्याच्या पायाला स्वतःच्या हातांनी गाठ मारली. ती गाठ मी अजून सोडलेली नाही.

"आजी, मी एक-दोन-तीन म्हणेन, तेव्हा श्वास सोडा आणि डोकं हलवू नका."

"आणि हात?"

"हात थांबवा."

"हात नाही थांबायचे," त्या म्हणाल्या. मी हरकत घेतली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले, श्वास सोडला, चेहरा अगदी स्थिर ठेवला आणि हात चालूच राहिले.

इतक्या जवळून फोटो घेताना आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. माणूस जवळ आला की भाता लांब करावा लागतो आणि भाता लांबला की फिल्मपर्यंत पोहोचणारा उजेड कमी होतो. २१० मिलिमीटरच्या लेन्सला दीड मीटरवर जवळजवळ अर्धा स्टॉप आणि एक मीटरवर पाऊण स्टॉपच्या आसपास उजेड वाढवावा लागतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मोबाइलवरचे लाइट मीटर उजेड बरोबर सांगते, पण भात्याची ही लांबी त्याला माहीत नसते. हे आकडे मी होल्डरच्या पिशवीवर आतून लिहून ठेवले आहेत.

दहाच्या सुमाराला ऊन ताडपत्र्यांच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांनी आत येऊ लागले, आणि एकाच चेहऱ्यावर भगभगीत ऊन आणि गडद सावली असा उजेड पडला की मी काम थांबवते. आम्ही मामलेदार मिसळ खायला गेलो. नाशिकच्या माणसाला मिसळीबद्दल दुसऱ्या गावी मत देणे जड जाते, कारण आमच्याकडे पापड, दही आणि मोड आलेली मटकी यांचा थाट असतो. इथे थाट नाही, रस्सा आहे. तिखट किती हवे ते सांगायचे, समोर फरसाणावर लालबुंद रस्सा येतो आणि पाव संपला तरी रस्सा उरतो. मी मध्यम तिखट घेतली आणि तेवढी पुरेशी होती. सकाळच्या कामानंतर इथे यायचे असेल तर साडेअकराच्या आत यावे, शनिवारी त्यानंतर उभे राहावे लागते.

रविवार, चेंदणी कोळीवाडा

ठाणे पूर्वेला उतरून मीठबंदराच्या दिशेने चालत गेले की इमारतींच्या मागे कोळीवाड्यातली घरे आणि त्यांच्यापलीकडे खाडी लागते. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या रात्री पाहून ठेवाव्यात. भरतीला होड्या पाण्यावर असतात आणि काठावर माणसे असतात, ओहोटीला चिखल आणि बगळे.

एका घराच्या ओट्यावर साठीच्या पुढचे एक काका जाळे दुरुस्त करत होते आणि शेजारी काकू पाटीत चिंबोऱ्या निवडत होत्या. मी अजून काही बोलायच्या आत, ट्रायपॉडकडे पाहून काकांनी सुई थांबवली.

"कसली मोजनी चाललीय?"

कोळीवाड्यांच्या हद्दी ठरवण्याचा, सीमांकनाचा प्रश्न इथे अनेक वर्षे घोळत आहे, आणि तीन पायांवर यंत्र उभे करणारा माणूस म्हणजे जमीन मोजणारा, असा अनुभव या लोकांना आहे. मी भात्याची घडी उघडून दाखवली, लेन्समधून आरपार पाहू दिले, अल्बम दिला. तरीही ते लगेच तयार झाले नाहीत, आणि ते योग्यच होते. आम्ही ओट्याच्या पायरीवर बसलो. खाडीत पूर्वी मासळी किती मिळायची, कारखान्यांचे पाणी आल्यावर काय झाले, निवट्या कुठल्या चिखलात मिळतात, हे सगळे ते सांगत गेले आणि बोलता बोलता सुई पुन्हा चालू झाली.

मोठ्या कॅमेऱ्याचा आपल्या देशातला इतिहास त्या ओट्यावर मला टाळता आला नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्ये, आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी इथली माणसे त्या सुरुवातीच्या दिवसांतच कॅमेऱ्यामागे उभी राहिली. पण त्याच पिढीत, १८६८ ते १८७५ या काळात, सरकारी आश्रयाने आठ खंडांचा एक छायाचित्रसंग्रह निघाला, ज्यात या देशातल्या माणसांची जाती-जमातींप्रमाणे वर्गवारी केलेली होती. चेहऱ्याखाली बहुतेक ठिकाणी नाव नव्हते, जमात होती आणि तिच्या स्वभावाविषयी शेरे होते. पुढे जर्मनीत आउगुस्ट झांडर यांनी मोठ्या काचपट्ट्यांवर आपल्या समाजातली माणसे टिपली ती व्यवसायांप्रमाणे, आणि त्यांच्या चित्रांतली माणसे आपल्या पायांवर ठाम उभी आहेत म्हणून मला ते आवडतात, पण तिथेही खाली काय लिहायचे ते छायाचित्रकारच ठरवत होता. म्हणून मी फोटो झाल्यावर प्रत्येकाला वही देते आणि फोटोखाली काय लिहायचे ते त्यांच्या हाताने, किंवा त्यांनी सांगितल्याप्रमाणे, लिहून घेते. तलावपाळीच्या काकांनी "मोटरमन, मध्य रेल्वे" लिहून पुढे निवृत्तीचे वर्ष घातले. फुलवाल्या आजींना फक्त नाव हवे होते, आणि तेही माहेरचे.

चेंदणीच्या काकांनी अखेर होकार दिला तो एका अटीवर: फोटोखाली आधी होडीचे नाव, मग त्यांचे. आणि फोटो दोघांचा. काकू उठून आत गेल्या आणि हिरवे लुगडे नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून बाहेर आल्या. काकांनी सदरा बदलायला साफ नकार दिला, कारण जाळे विणताना माणूस असाच असतो. दोघांच्या या निवडीत मी काहीही बदलले नाही. त्यांनी ओट्यावर स्वतःची जागा ठरवली, काकू उभ्या आणि काका बसलेले.

मी कापडाखाली गेले तेव्हा बाहेरून काकूंचा आवाज आला, "डोलं मिटायचं नाय ना?" मी बाहेर येऊन सांगितले, की पापणी लवली तरी चालेल, मी पाहत असेन आणि डोळे उघडे असतानाच दाबेन. या कॅमेऱ्याबरोबर हे वचन देता येते, कारण त्या क्षणी माझे डोळे काचेवर नसून त्यांच्या डोळ्यांवर असतात. दोघे वेगवेगळ्या अंतरावर असल्याने मी मागची काच थोडी तिरपी फिरवून दोघांचेही डोळे स्पष्ट करून घेतले. साध्या कॅमेऱ्यात ही सोय नसते, आणि दोन-तीन माणसांच्या फोटोत तिचा फार उपयोग होतो. होल्डर घातला, पट्टी उपसली. काका जाळ्याकडे पाहत होते. मी थांबले. माझ्या थांबण्याने त्यांनी वर पाहिले, आणि तो चेहरा मला मिळाला.

दुपारी त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही. कोळंबीचे कालवण, तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील. कालवणात आगळ भरपूर होते आणि नारळ बेताचा. भाच्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि काकूंनी चौथी न विचारता वाढली.

इथे येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. कोळीवाडा हे लोकांचे घर आहे, ओटा म्हणजे त्यांची बैठकीची खोली आहे, आणि वाळत घातलेल्या जाळ्यांवरून किंवा मासळीवरून पलीकडे जाऊ नये. काळे कापड उन्हात फार तापते. बाहेरून पांढरे आणि आतून काळे असे दुहेरी शिवून घ्यावे. मी ते नाशिकच्या शिंप्याकडून शिवून घेतले आहे आणि चारही कोपऱ्यांत शिशाचे तुकडे घातले आहेत, म्हणजे खाडीच्या वाऱ्यात ते उडत नाही.

सोमवार, उपवन

सकाळी उपवन तलावावर गेलो. डोंगराकडून वारा सुटला होता आणि वाऱ्यात हा कॅमेरा चालत नाही, भाता शिडासारखा फुगतो. भाच्याने मोठी छत्री आडवी धरली, ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला दगडांची पिशवी अडकवली आणि सेकंदाचा साठावा भाग लावून फिरायला आलेल्या एका शिक्षिकांचा फोटो घेता आला. बाकी वेळ आम्ही कटिंग चहा घेत वारा पडायची वाट पाहिली. तो पडला नाही. उपवनला जायचे तर पहाटेच जावे.

दुपारच्या गाडीने मी परतले. विमानाने प्रवास करणाऱ्यांनी फिल्म सामानात न देता हातात ठेवावी आणि हाताने तपासण्याची विनंती करावी, कारण नव्या सीटी स्कॅनरमधून गेलेली फिल्म धुरकट होते.

परतल्यावर

फिल्म धुण्याचे रसायन आयडी-११ पाण्यात एकास एक पातळ करून, वीस अंशांवर तेरा मिनिटे, हा माझा नेहमीचा हिशेब आहे. नाशिकला जानेवारीत नळाचे पाणी जवळपास त्याच तापमानाचे असते, ठाण्यात हेच करायचे तर ट्रेखाली बर्फाचे पाणी ठेवावे लागले असते. मोटरमन काकांच्या निगेटिव्हमध्ये काठीच्या मुठीवरचा तळहात चेहऱ्याइतकाच स्पष्ट आहे. आजींचा चेहरा असा आला आहे की भुवईचा प्रत्येक केस मोजता येतो, आणि हातांच्या जागी बोटांची एक पांढुरकी हालचाल आहे, जिच्यातून दोरा तेवढा सरळ रेषेत अंगठ्यापर्यंत जातो.

प्रत्येकाचा एक प्रिंट काढून, मागे त्यांनी सांगितलेली ओळ लिहून, मी ते भाच्याकडे पाठवले आणि त्याने एका रविवारी फिरून ते पोहोचवले. पत्ता किंवा नेहमीची बसायची जागा वहीत लिहून घेतलेली असली की हे सोपे जाते. पोहोचवू शकणार नसलो तर प्रिंटचे आश्वासन देऊ नये, आणि दिले असेल तर महिन्याच्या आत पोहोचवावे. आजींनी प्रिंट उन्हात धरून पाहिला, झेंडू आणि शेवंती दोन्ही सारखेच राखी दिसतात अशी तक्रार केली आणि हातांविषयी म्हणाल्या, "हे बरोबर आलंय." मोटरमन काकांनी तो प्रिंट पाकिटात परत ठेवून भाच्याला बाकावर बसवले आणि तासभर सोडले नाही.

चेंदणीहून काकूंचा फोन आला. फोटो भिंतीवर लावायला लहान पडतो, मोठा करून हवा, आणि शिमग्याला मुली, जावई, नातवंडे सगळी घरी असतात, तेव्हा सगळ्यांचा एक काढायला ये. मी हो म्हटले आहे. इतक्या माणसांसाठी अधिक रुंद दृश्य घेणारी दीडशे मिलिमीटरची लेन्स लागेल आणि दोन ओळी स्पष्ट यायला छिद्र एफ-२२पर्यंत मिटावे लागेल, म्हणजे ओटा सावलीत जाण्याच्या जरा आधीची वेळ पकडावी लागेल. ती नेमकी कोणती, ते भाचा येत्या आठवड्यात तिथे उभा राहून पाहून मला कळवणार आहे.